खंडेआई

आई गं,

घाबरू नकोस, आत्ता काही भाजलं-कापलं नाही. आज आठवीच्या वर्गावर 'प्रतिक्षिप्त क्रिया' शिकवली आणि शिकवता शिकवता एक गोष्ट घडली. ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. तू गेल्यापासूनचं हे पहिलंच पत्र.

'प्रतिक्षिप्त' हा शब्द तुझ्याइतका मनावर घेतलेला माणूस मी अजून पाहिला नाही. आठवतं?

मी दहावीला होते, नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. आप्पा कारखान्यात फिटर, सोनईत आपल्या दोन खोल्या, आणि घरात देवाचं नाव काढायची सोय नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आप्पांना तोंडपाठ होत्या, आम्हा भावंडांना होत्या, तुलाही होत्या. पण हातातून ताटली निसटली, आढ्यावरून पाल पडली, तव्याचा चटका बसला, की तुझ्या तोंडातून निघायचं, "खंडेराया!"

आप्पा पेपर खाली ठेवायचे. "तोंडात एक आन् मनात एक, आसं चालत न्हाई."

"मनात न्हाई वो," तू रडवेली होऊन म्हणायचीस, "निस्तं तोंडातच हाय."

खरंच होतं ते. चोरून हात जोडताना तुला कधी कुणी पाहिलं नाही. पण त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला विहारात बायकांच्या वंदनेला तू पुढे बसणार होतीस, माईकसमोर. "ततं तोंडातून निघालं तर लोक म्हनतील, हिची दीक्षा खोटी," या धास्तीने तुझं जेवण तुटलं होतं.

मग मी विज्ञानाचं पुस्तक घेऊन चुलीपाशी आले. म्हटलं, "आई, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. यात विचार नसतो, म्हणून तुझा दोषही नाही." चटका बसल्यावर हात मागे घेणं ही प्रतिक्षिप्त क्रिया, तोंडातला शब्द ही नुसती सवय, हे आता शिकवताना मी मुलांना बजावून सांगते. पण तेव्हा कोण बघत होतं!

"म्हंजी काय?" तू विचारलंस.

मी मोठ्या तोऱ्यात शब्दाची फोड केली. प्रति म्हणजे उलट, माघारी. क्षिप्त म्हणजे फेकलेलं.

तू भाकरी थापायची थांबलीस. तुझ्या माहेरी, प्रवरेकाठच्या त्या गावात सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची होतीस. आजीने देव्हाऱ्यातले देवांचे टाक पदरात बांधले आणि नदीत नेऊन टाकले. तू तिच्या मागे गुडघाभर पाण्यात उभी होतीस. हे तू आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतंस.

"म्हंजी आईनं परवरेत फेकला," तू म्हणालीस, "आन् ह्यो माझ्या तोंडात माघारी आला व्हय?" आणि हसत सुटलीस. पिठाचे हात तोंडावर घेऊन हसलीस. त्या गोष्टीवर तुला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण हसून भागणार नव्हतं. त्या जागी दुसरं काही तरी म्हणायला हवं होतं. मी 'बाप रे' सुचवलं. "माझा बाप कधी मदतीला आल्ता?" असं म्हणून तू ते मोडीत काढलंस. शेवटी तूच तोडगा काढलास. "आई गं म्हनते. आई काय देव न्हाई. हाय का परतिज्ञेत मनाई?"

आप्पांनी बावीसच्या बावीस मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. मनाई नव्हती.

मग काय तुझा सराव! मुद्दाम पळी खाली टाकायचीस आणि म्हणायचीस, "आई गं." अगदी शांतपणे, दुकानात साखर मागावी तसं. दादा मात्र मागून येऊन कागदाची पिशवी फोडायचा. मग सगळं मुसळ केरात. "खंडे... आई गं!"

"ही खंडेआई कोन?" आप्पा ओरडले. "एक देव काढ म्हनलं, तर तू नवी देवी आनली!" आणि स्वतःच हसू लागले. तेव्हापासून दादा तुला खंडेआईच म्हणायचा.

पौर्णिमेला मेणबत्ती लावताना गरम मेण तुझ्या बोटांवर सांडलं. समोर माईक! दादाने माझा दंड घट्ट धरला.

"आई गं!" तू म्हणालीस. स्वच्छ, पुढे-मागे काही नाही.

आणि पौर्णिमेसाठी तुझ्या माहेरहून आलेली, पहिल्या रांगेत बसलेली आजी, अर्धी बहिरी, जागच्या जागी उत्तरली, "काय गं?"

सगळा विहार हसला. तूही हसलीस, आणि मग वंदना सुरू केलीस.

एक तक्रार आहे, ती सांगून टाकते. नगरच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, सिस्टरला तुझी शीर सापडेना. पुन्हा पुन्हा सुई टोचली आणि इतक्या वर्षांनी तुझ्या तोंडातून निघालं, "खंडेराया!" लगेच तू आप्पांकडे पाहिलंस. एवढ्या दुखण्यात तुला त्याची काळजी! "चुकलं वो," म्हणालीस. का म्हणालीस गं? काय चुकलं होतं तुझं?

आप्पांनी स्टूल जवळ ओढलं. "आसू दे. फेकल्यालं येतं कधी माघारी. म्हन तू."

पण तू काही पुन्हा म्हणाली नाहीस. आप्पा नंतर बाहेरच्या नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथेच रडले. तुला हे माहीत नाही, म्हणून सांगते.

आता आजचं. मुलांना मी सांगत होते की इंग्रजीत याला रिफ्लेक्स म्हणतात. शब्दकोशात पाहिलं होतं. मूळ लॅटिन, अर्थ मागे वाकणं, मागे वळणं. आधी म्हणे हा शब्द आरशावरून परतणाऱ्या उजेडासाठी होता, शरीरासाठी पुष्कळ नंतर आला. हे सांगता सांगता डस्टर काढायला टेबलाचा खण ओढला, तो ढकलताना बोट सापडलं.

"आई गं!"

वर्ग खो खो हसला. एक मुलगी ओरडली, "बाई, प्रतिक्षिप्त क्रिया!" मी तिला शाबासकी दिली. पण बोट धरून उभी असताना मी चक्क थांबले होते, "काय गं?" ऐकायला. तू चुलीपाशी अस, धुण्यावर अस, आमच्या 'आई गं'ला तुझं 'काय गं?' ठरलेलं होतं. तेवढं तू आजीकडून जसंच्या तसं उचललं होतंस. आज हाक गेली आणि काहीच माघारी आलं नाही. तू नाहीस, हे मला तिथे, आठवीच्या वर्गात, खरं कळलं.

माझी चिमी आता बोलायला लागलीय. पडली की 'आई गं' म्हणते. मी वह्या तपासता तपासता, वर न बघता म्हणते, "काही नाही झालं." आता ते बंद. हातातलं काम टाकून आधी "काय गं?" म्हणेन, विचारही न करता. आणि मोठी झाल्यावर तिच्या तोंडात कुणाचंही नाव माघारी येवो, 'चुकलं' म्हणायची वेळ मी तिच्यावर येऊ देणार नाही. हा शब्द माझा.

बोट बरं आहे. हळद लावलीय.

तुझी,
सुजाता