सोफा एक, विहिणी दोन

मंगफ, कुवेत
८ सप्टेंबर २०२४

श्रीमती मुक्ताताई विहीणबाईंना,
चारुशीलाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्या विशाखेने आणि माझ्या आलोकने काल आपल्या दोघींना एकदमच फोनवर घेऊन गोड बातमी दिली. मग आपण दोघीही एकदमच बोलायला लागलो आणि कुणालाच काही ऐकू गेलं नाही. म्हणून तुमच्या पद्धतीने कागदावर लिहिते आणि फोटो काढून पाठवते. इतिहासाच्या बाईंना मोबाइलवरचं मराठी चालत नाही, हे मला ठाऊक आहे.

जानेवारीत नातवंड येणार. पोरांच्या घरात एक खोली, एक हॉल आणि हॉलमध्ये एक सोफा. म्हणजे मदतीला जाणार एकच जण. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मान्य. पण तुम्ही कधी देशाबाहेर गेला नाहीत आणि मी गेल्या मे महिन्यात पोलंडला, पोरांकडे क्राकुवला पंधरा दिवस राहून आले. तेव्हा त्या शहराची तुम्हाला ओळख करून देणं माझं कर्तव्यच आहे.

आधी हवामान. जानेवारीत उणे दहा. सकाळी उजाडता उजाडत नाही आणि चारला दिवेलागण. पोरांच्या लग्नात पंगतीत बसायला तुम्हाला खुर्ची मागवावी लागली होती, ते गुडघे मला आठवतात. मग इतिहास. टेकडीवर राजवाडा, खाली गुहा, आणि गुहेत म्हणे पूर्वी गुरंमाणसं गिळणारा अजस्र सरडा राहायचा. आता त्याचा पुतळा आहे, पण तोही तोंडातून खरी आग काढतो.

संस्कृतीचं तर विचारूच नका. चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, एक जण तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. फार पूर्वी वाजवणाऱ्याच्या गळ्यात शत्रूचा बाण लागला म्हणे, तेव्हापासून तिथेच थांबतात. उरलेला सूर ऐकायला कान लावून बसलं की रक्तदाब वाढतो, माझा वाढला. कुणाकडे गेलं की बूट काढून त्यांच्या घरातल्या सपाता घालायच्या. दुसऱ्याच्या सपाता, मुक्ताताई.

हे सगळं तुम्हाला झेपेल का, एवढ्याच काळजीने लिहिलं. माझं काय, माझ्याकडे दोन वर्षांचा व्हिसा पडूनच आहे. राजन म्हणतात, तू फार चोंबडेपणा करतेस. त्यांचं मनावर घेऊ नका.

लोभ आहे तेवढा राहू द्या, थोडा वाढवलात तरी चालेल.
आपली,
चारुशीला


कोल्हापूर
१५ सप्टेंबर २०२४

सौ. चारुशीलाताईंना,
मुक्ताचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून अंगावर काटा आला तो थंडीने नव्हे. एका विहिणीने दुसरीला घाबरवायला इतके कष्ट घ्यावेत, याचं कौतुक वाटलं. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण सरड्याला कधी मार्क दिले नाहीत.

आणि पोलंडची माणसं मला परकी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश बायका-मुलं आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, आणि बाळंतपणंही झालीच असणार. तेव्हा त्यांना कुणी गुडघे विचारले नाहीत. आता त्यांच्या गावी एका बाळंतपणाला मी गेले, तर ती परतभेट समजा.

राहिली थंडी. तुम्ही गेलात मे महिन्यात. तुमच्या फोटोंत लोक रस्त्यावर आइस्क्रीम खाताना दिसतात. उणे दहा तुम्ही पाहिलं कुठे? कुवेतमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईने मला थंडी समजावून सांगावी, म्हणजे कमालच झाली.

आता थट्टा पुरे. विशाखा सहा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. तेव्हापासून तिच्या प्रत्येक दुखण्यात मी उशाशी होते. या वेळी मी तिथे नसेन, असं होणार नाही. पासपोर्ट तत्काळमधून आला आहे, मुंबईची व्हिसाची तारीख घेतली आहे, डिंक आणि खारीक आणून ठेवली आहे.

राजनभाऊंना नमस्कार. त्यांचं मी मनावर घेतलं आहे.

लोभ उणे दहालाही गोठू नये, ही विनंती.
आपली,
मुक्ता


मंगफ, कुवेत
६ ऑक्टोबर २०२४

श्रीमती मुक्ताताईंना,
स. न. वि. वि.

मे महिन्याचा मुद्दा बरोबर वर्मी लागला. म्हणून मी थंडीचा सराव सुरू केला. आधी घरचा एसी सोळावर नेला. राजन उशी घेऊन बाल्कनीत घामाघूम झोपले आणि सकाळी म्हणाले की माणसांत आल्यासारखं वाटलं. मग मॉलमध्ये गोठवलेल्या मटारपाशी उभी राहायला लागले. तिथल्या माणसाने दोनदा येऊन विचारलं की मॅडम, मटार सापडत नाहीत का.

तेव्हा आमच्या मराठी मंडळातला काशिनाथ आठवला. मूळचा देवगडचा, फरवानियात चारपाच जणांत खोली करून राहतो आणि राई नावाच्या भागात भाजीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. मला तुझ्या गोदामात थोडा वेळ बसू दे म्हटल्यावर त्याने आधी राजनना फोन करून घरी सगळं ठीक आहे ना, ते विचारून घेतलं.

शुक्रवारी गेले. लोकरी कोट, कानटोपी, दोन-दोन मोजे. कोबीच्या पेट्यांमध्ये खुर्ची टाकून बसले. आधी नाक गेलं, मग बोटं, मग तोंडातलं देवाचं नाव. काशिनाथने हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला की वहिनी, इथे कोबी टिकतो, माणूस नाही. बाहेरच्या गरम हवेत चष्म्यावर असं धुकं धरलं की मी आमची गाडी समजून फोर्कलिफ्टमध्ये चढायला निघाले होते. आणि आत होतं किती, तर तीन. उणे नव्हे, नुसते तीन.

हसून घ्या. पण एक खरं सांगते. आलोक इथेच कुवेतला झाला. माझ्या आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. शेजारच्या केरळी नर्सने मला पेज करून घातली. ती पेज मी विसरले नाही आणि आई नव्हती हेही विसरले नाही. सुनेच्या वेळी तरी आपण असावं, असं तेव्हापासून मनात आहे, त्यासाठीच हा सगळा चोंबडेपणा. तुमचा हक्क माझ्याहून मोठा आहे, ते मला कळतं. मन ऐकत नाही.

भांडण चालू ठेवू, लोभही चालू ठेवावा.
आपली,
चारुशीला


क्राकुव
१० नोव्हेंबर २०२४

ती. आई आणि ती. अहोआई यांना,
विशाखाचा सा. न. वि. वि.

आईच्या शिस्तीप्रमाणे कागदावर लिहिते आहे. दोघींना एकच फोटो एकाच वेळी पाठवते, म्हणजे कुणाला आधी पाठवला यावर पुढचा महिना जायला नको.

तुम्ही दोघींनीही एकमेकींची पत्रं तक्रार म्हणून मला पाठवलीत, त्यामुळे मला सगळं माहीत आहे. आलोक कोबीपाशी इतका हसला की मला त्याला पाणी द्यावं लागलं. पण आता माझं ऐका. जानेवारीत कुणीच येऊ नका.

इथली पद्धत वेगळी आहे. बाळ घरी आलं की सुईण स्वतः घरी येते, वजन करते, पाजायला शिकवते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आलोकला रजा आहे. हॉस्पिटलने दिलेल्या माहितीपत्रकात सगळं नीट लिहिलं आहे, त्यात आजीचा कुठे उल्लेखही नाही. इथे ज्याचं त्याचं घर आणि ज्याचं त्याचं बाळ, आपल्यासारखी घरात माणसं भरत नाहीत. आम्हाला इथे राहायचं आहे, तर इथल्यासारखं राहायला शिकायला हवं. मे महिन्यात दोघी या. तेव्हा एक जादा खोली भाड्याने घेऊ आणि मी तुम्हाला शहर नीट दाखवेन.

रागावू नका. दोघींचा आशीर्वाद सारखाच हवा.
तुमची,
विशाखा


कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. चारुशीलाताईंना,
स. न. वि. वि.

विशाखेचं पत्र तुम्हीही वाचलंत. आजीचा उल्लेख नाही, हे वाक्य मी परत परत वाचलं. मुंबईची तारीख सोडून दिली. बोलावल्याशिवाय लेकीच्या घरी जाणारी मी नव्हे.

राग नाही. कुणावाचून तिचं अडू नये म्हणूनच मी तिला तशी वाढवली. आता माझ्यावाचूनही अडत नाही, तर तक्रार कुणाकडे करायची? पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ते तुम्हालाच लिहिते, कारण हे कळेल अशी दुसरी बाई मला सध्या दिसत नाही.

डिंकाचे लाडू केले आणि शेजारीपाजारी वाटून टाकले. चांगले झाले होते.

लोभ असू द्या, तो आज जरा जास्त लागणार आहे.
आपली,
मुक्ता


क्राकुव
२७ जानेवारी २०२५

ती. आई आणि ती. अहोआई यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं छान आहे म्हणते, ते अर्धंच खरं आहे. बाळ छान आहे. मी नाही. फोनवर सांगायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते.

सुईण सांगितल्याप्रमाणे आली, फार चांगली बाई आहे. बाळाचं वजन केलं, माझे टाके पाहिले, मग स्वयंपाकघरात डोकावून आलोकचा करपलेला उपमा पाहिला आणि विचारलं की आजी कुठे आहे. म्हटलं, एक भारतात आणि एक कुवेतला, मे महिन्यात येणार आहेत. तिला वाटलं तुम्ही दोघी आजारी आहात. खालच्या मजल्यावरच्या मुलीला डिसेंबरमध्ये बाळ झालं, तिची आई तेव्हापासून बॅग घेऊन राहायलाच आली आहे. बागेत बाबागाड्या ढकलणाऱ्या इतक्या म्हाताऱ्या मी रोज पाहायचे, त्या सगळ्या कुणाच्या तरी आज्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पत्रकात आजीचा उल्लेख नाही, कारण तो करावा लागत नाही.

मी चुकले. जिला आधी येता येईल तिने या.
तुमची,
विशाखा


क्राकुव
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मुक्ताताई,
स. न. वि. वि.

मी जिंकले, हे तुम्हाला कळलंच आहे. माझा व्हिसा तयार होता आणि तुमची तारीख गेली होती. विमानतळावर उणे आठ होते. राईच्या गोदामाचा काडीचा उपयोग झाला नाही.

विशाखा आता दोन वेळा नीट जेवते, दुपारी झोपते. आलोकला मी स्वयंपाकघरातून हाकललं आहे. सुईणीने माझ्या हातची आळिवाची खीर खाल्ली आणि आणखी मागून घेतली. बाळाच्या चेहऱ्यात मी दोन दिवस आमच्या घरचं काही शोधत होते, पण नाक तुमचंच आहे, कबूल करते.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. रविवारी मी पोचले, तेव्हा दार विशाखेने उघडलं. खांद्यावर बाळ होतं. मला बघून हसली, पाया पडायला वाकू लागली, मी वाकू दिलं नाही. पोरीने मनापासून स्वागत केलं, त्यात काही कमी नाही. पण मी आत आले तरी ती दार लावेना. वळून पाहिलं, तर ती माझ्या मागे जिन्याकडे बघत होती. मी एकटी येणार आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी बघत होती.

आलोकच्या वेळी मीही मंगफच्या दाराकडे अशीच बघायचे. सून म्हणून तिच्यासाठी जे करता येईल ते मी करते आहे, पण ती बघते ती वाट माझी नाही.

आलोकने खटपट करून तुमच्यासाठी मुंबईची तारीख मिळवली आहे, येत्या सोमवारची. आता मान-अपमान काढलात, तर मी कोल्हापूरला येऊन भांडेन. तुम्ही आलात की दुसऱ्याच दिवशी मी कुवेतला परत. आणि पोचल्यावर बेल वाजवून बाहेर थांबा. मी घरातच असेन, पण दार उघडायला उठणार नाही.

लोभ तुमचा आहेच, आता तुम्हीही या.
तुमची,
चारुशीला