कोरड्या घराचे रिकामे कॅन

मंगळवार, ५ सप्टेंबर १९८९

आज आलं: बटाटे पन्नास पौंड, सहा डॉलर. कपडे धुण्याची पावडर मोठी पेटी, अकरा डॉलर (महाग. परत करणार होते, पण कोणीतरी उघडली). चादरी बारा, बेचाळीस डॉलर. विद्यापीठाचं परिपत्रक एक, फुकट.

परिपत्रक सगळ्यात छान. यंदापासून मुलींची सोरॉरिटी असो की मुलांची फ्रॅटर्निटी, विद्यार्थी-मंडळांच्या राहत्या घरात किंवा आवारात दारूचा थेंब चालणार नाही. रिकामी बाटली, रिकामा कॅन सापडला तरी भरलेला धरणार. पहिल्याच वेळी घर वर्षभर बंद, आणि जबाबदार कोण, तर घर सांभाळणारी हाउस मदर. म्हणजे आमच्या घरात मी. अकरा वर्षं या घराची मॉम आहे. सध्या मुली बासष्ट. याशिवाय मला दुसरं छप्पर नाही. पण काळजी कसली? आमचं घर पहिल्यापासून कोरडं. देवाचे आभार मानले.

जेवताना मुलींना मोठ्यानं वाचून दाखवलं. इतकी शांतता प्रार्थनेलाही नसते.

रविवार, १० सप्टेंबर, सकाळी ७

चर्चच्या आधी समोरच्या फ्रॅटर्निटीतल्या पोरांच्या हिरवळीवरून बिअरचे कॅन वेचले. १४३. दुकानात कॅनमागे दहा सेंट परत देतात. सगळे चर्चच्या अनाथाश्रमाला. दरवर्षी थोडे थोडे नेते. यंदा तळघरात साठवून नोव्हेंबरात एकदम नेणार, म्हणजे आकडा नीट दिसेल. यात मोठेपणाची हौस नाही. गेल्या वर्षी एनिड ग्रबचं नाव देणगीबद्दल चर्चच्या पत्रकात छापून आलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

रिकाम्या कॅनचा नियम पिणाऱ्यांसाठी आहे, वेचणाऱ्यांसाठी नव्हे. परिपत्रकात तसं लिहिलेलं नाही, पण समजतं.

समोरच्यांचा अध्यक्ष, ग्रेग व्हॅन्डरमीर, पायजम्यात दारात उभा. म्हणाला, मॅडम, मागच्या बाजूलाही आहेत हं, लाजू नका. निर्लज्ज कार्टं.

मागे ६१ निघाले.

गुरुवार, २१ सप्टेंबर

डार्सी, आमच्या घराची अध्यक्ष, गुणी पोर, एक काळी पिशवी घेऊन खाली आली. म्हणाली, मॉम, थोडं पुण्य आम्हालाही मिळू द्या ना, रस्त्यावरून वेचलेत. ४८ कॅन! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

काही अजून गार होते. मिशिगनात सप्टेंबर संपत आला की हवा गारच.

रविवार, ८ ऑक्टोबर

पिशव्या आता रोज येतात. एकट्या नऊ नंबरच्या खोलीतून आठवड्याला पाच. त्या मुली इतक्या धार्मिक असतील असं वाटलं नव्हतं. काल ब्रिटा जिन्यातच बसून राहिली. म्हणाली, मॉम, पायऱ्यांना सांगा ना, हलू नका म्हणून. वाकून वाकून वेचलं की चक्कर येणारच. लिंबूपाणी दिलं. त्या कॅनचा वासही मेला असा चिवट, बिचारीच्या श्वासाला लागला होता.

संकल्प: मुलींना हातमोजे आणणे.

(चौकशी केली. जोडी नव्वद सेंट. हात धुतले तरी चालेल.)

मंगळवार, १७ ऑक्टोबर

शनिवारी समोर पुन्हा धिंगाणा. पोरं हिरवळीवर पालथी. आता बस्स. डीनना पत्र लिहिलं की समोरच्या घराची तपासणी करा. चुगलखोर दिसू नये म्हणून पुढे जोडलं, तुलनेसाठी आमचंही घर पाहा, कधीही या, न कळवता.

डार्सीला सांगितलं. ती म्हणाली, मॉम... न कळवता? मी म्हटलं, अगं, आपल्याला कसली भीती!

संध्याकाळपर्यंत मुलींनी आपणहून सगळ्या खोल्या आवरल्या. तळघरात अकरा पिशव्या वाढल्या.

सोमवार, २३ ऑक्टोबर

डीनच्या ऑफिसातले लुंडक्विस्ट आले. आधी समोर गेले. पुढचं अंगण, मागचं आवार, कचऱ्याच्या पेट्या, कुठे एक कॅन नाही. असणार कसा, काल सकाळीच मी शेवटचा उचलला. फ्रिजमध्ये म्हणे नुसतं दूध. व्हॅन्डरमीर टाय लावून कॉफी विचारत होता.

मग आमच्याकडे. खोल्या आरशासारख्या. नऊ नंबरमध्ये तर टेबलावर बायबल उघडं. लुंडक्विस्ट म्हणाले, तळघर आहे का? मी स्वतः पुढे होऊन दिवा लावला.

दोन तास मोजत होते. २,३१४ भरले. माझ्या हिशेबानं २,३१६. मी तसं सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

समोरच्यांना स्वच्छ आवाराचं प्रमाणपत्र. आम्हाला नोटीस. घर वर्षभर बंद का करू नये, सोमवारपर्यंत खुलासा द्या.

डार्सी आली, रडून नाक लाल. म्हणाली, मॉम, ऐका, ते कॅन आम्ही वेचले नव्हते. मी पुढे बोलूच दिलं नाही. लाजाळू पोर, केलेलं पुण्यसुद्धा नाकारते. म्हटलं, जा, तोंड धू. दारात थांबून म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का हो? म्हटलं, मला सगळं कळतं, जा आता.

खुलासा लिहिला. सर्व कॅन माझे, मुलींचा संबंध नाही. हे खोटं नव्हे. जो दुकानात नेणार, त्याचेच कॅन.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

घर वाचलं! फक्त हाउस मदर बदलायची, एवढीच अट. मला विश्रांती हवीच होती.

कॅन पुरावा म्हणून नेले. मी निघाले तेव्हा पायऱ्यांवर साऱ्या जणी रडत होत्या. नऊ नंबरवाल्या सगळ्यात जास्त.

रविवार, १९ नोव्हेंबर. अल्पीना गावी, भावाकडे

मला शिवणाच्या खोलीत ठेवलंय. खोली लहान, पण उजेड चांगला. वहिनीनं विचारलं, वन्सं, किती दिवस आहात? मी म्हटलं, देव ठेवील तितके. ती म्हणाली, मग त्यालाच विचारून तारीख सांगा, मला थँक्सगिव्हिंगच्या सणाला माहेरची माणसं झोपवायचीत.

उद्याच्या टपालात टाकायच्या पत्राची नक्कल:

श्री. ग्रेग व्हॅन्डरमीर यांस,

नव्या नियमानं तुमच्या घरालाही आता हाउस मदर ठेवावी लागणार असं कळलं. मी तुमच्याबद्दल पूर्वी काही बोलले असेन, तर ते तुम्हाला प्रमाणपत्र मिळण्याच्या आधीचं आहे. मला अकरा वर्षांचा अनुभव आहे आणि माझ्या हाताखालची एकही मुलगी कधी प्यायली नाही. पगार तुम्ही ठरवाल तो. खोली कुठलीही चालेल, तळघरातलीही. बुधवारी इथे पाहुणे येत आहेत, तरी उलट टपाली कळवावं, ही विनंती.

व्हर्ना होस्टेटर