टॅक्सची सूट आणि चार लिंबं

शनिवार, पाडव्याची आदली संध्याकाळ. मयूर विहार.

आज नोएडाच्या आमच्या शोरूममध्ये लिंबं संपली. सरकारने छोट्या गाड्यांवरचा टॅक्स कमी केल्यापासून गिऱ्हाइकांची झुंबड आहे, आणि प्रत्येक नव्या गाडीच्या चाकांखाली चार लिंबं लागतात. समोरच्या भाजीवाल्याने भाव दुप्पट केला. सूट गाडीवर, चांदी त्याची.

आणि माझ्या वर्गात असलेली मेधा आली. तिच्या बाबांबरोबर, त्यांनी बुक केलेली लाल गाडी बघायला. मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच समोरासमोर. जोशात मी म्हणालो, "काका, असंच चाललं तर वर्षभरात मॅनेजर होतो."

"बिल्कुल नाही," मेधा म्हणाली. "पुढच्या वर्षी घेणारे लोकच यंदा घेऊन चाललेत. सूट संपली की इथे माश्या मारत बसशील."

डोकंच फिरलं. "तुझं इकॉनॉमिक्स तुझ्याजवळ ठेव. इथे लिंबं पुरत नाहीयेत." तिच्या वडिलांसमोर असं बोलायचं? गाढव आहे मी.

काका सह्या करायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "गाड्यांचं जाऊ दे यार. सूट संपल्यावर तुझं काय होणार? राहिलेले पेपर दे ना."

म्हणजे हा सगळा हिशोब माझ्यासाठी? घरी बसून ती माझा विचार करते? मगाचपासून एका जागी बसवत नाहीये.

उद्या त्यांची डिलिव्हरी. आईच्या टोपलीतली चार लिंबं आत्ताच पिशवीत टाकली. सोमवारी परीक्षेचा फॉर्म आणणार. तिचं बरोबर होतं, हे मात्र तिला इतक्यात सांगणार नाही.