आजोबांचे सात थर

चँडलर, ३ मार्च २०२५

ती. बाबांस वल्लरीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता आणि मी फोन ठेवून देते, म्हणून कागद घेतला. पार्सिपनीच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मी माझ्या तोफांवरच्या पीएचडीवर बोलणार आहे, आणि आजोबांचं नाव घेणार आहे.

नऊशे वर्षांपूर्वी चीनमधले सैनिक बांबूच्या नळीत दारू ठासून, ती भाल्याला बांधून शत्रूवर आग सोडत. पुढे नळी धातूची झाली, तिची तोफ झाली. मला सगळे विचारतात, बांबू फुटत कसा नव्हता? आपले आजोबा जत्रेत दारूकाम करत, तेव्हा नळ्यांवर ओल्या सुतळीचे सात थर घट्ट आवळत, असं प्रतिमाआत्या सांगते. सैनिकही असंच काही करत असतील, अशी तळटीप मी प्रबंधात दिली आहे.

तुम्ही तिथे सगळ्यांना आजोबा हेडमास्तर होते म्हणून सांगितलंय. ते नव्हते, बाबा.

लोभ आहेच, तो भांडणातही राहू द्या.

तुमची वल्लरी


पार्सिपनी, ९ मार्च

चि. वल्लरीस आशीर्वाद.

तुझ्या आजोबांच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. शाळेत मुलं त्या हाताची नक्कल करून मला रडवायची. इथे परदेशात पुन्हा कुणी त्यांना हसलेलं मला सहन होणार नाही. तोफांवर हवं तेवढं बोल, आजोबांना गाळ. हे माझं शेवटचं सांगणं. आई म्हणते, वेळेवर जेवत जा.

बाबा


चँडलर, १४ मार्च

ती. बाबांस सा. न.

गाळणार नाही. कुणी हसलंच, तर हसू संपेपर्यंत मी गप्प उभी राहीन आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन. तुम्हाला लाज वाटत असेल तर घरी थांबा. आईला सांगा, जेवते.

वल्लरी


पार्सिपनी, २० मार्च

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. काल मंडळातल्या अरुणकाकांना सांगून टाकलं की आमचे वडील हेडमास्तर नव्हते. ते हसले नाहीत, त्यांनी चहा मागवला.

आता तळटीप दुरुस्त कर. प्रतिमा तेव्हा लहान होती, तिला अर्धंच आठवतं. सात थर होते त्या वर्षी नळा हातात फुटला आणि बोटं गेली. पुढच्या जत्रेला तोच हात घेऊन ते पुन्हा उभे राहिले, तेव्हापासून नऊ थर. नऊ लिही. नाव पूर्ण लिही: लहू धोंडिबा. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेव. पुन्हा सात म्हणालीस, तर भर सभेत उठून दुरुस्त करीन.

माया आहेच, ती वाढती ठेव.

उल्हास लहू, तुझा बाबा