ओला गुंडाळलेला पडदा

पवनी

प्रिय कीर्ती,

तुझा मेसेज वाचला. अमूर्त चित्रं बंद, कारण त्यांत कुणालाच काही दिसत नाही. आता घरी येऊन माझ्याकडून हुबेहूब चेहरे काढायला शिकायचं म्हणतेस. आनंदाच्या भरात तुझ्या आईनं दूध उतू जाऊ दिलं. खरं तर मीही पेढे वाटायला हवे होते. नागपूरच्या प्रदर्शनात तुझं ते निळं चित्र बघून, ब्रश पुसलेलं फडकं कायले टांगलं, असं चारचौघांत विचारणारा मीच. मी नाटकाच्या पडद्यावर रंगवलेला वाघ बघून पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकतात, म्हणजे कलेवर बोलायचा परवाना आपल्याच खिशात, अशी माझी समजूत.

पण मधे एक घोटाळा झाला. लाखनीकडच्या एका गावातल्या नाटकासाठी मी वैनगंगेच्या घाटाचा पडदा रंगवला. पायऱ्यांच्या भेगा दिसाव्यात असा; देवळाच्या कळसावर कावळासुद्धा. रंग ओलाच होता, आणि नाटक कंपनीचे मालक भय्याजी ट्रॅक्टर घेऊन दारात. ‘अजी पेंटर, रस्त्यानं सुकते नं!’ म्हणत त्यांनी तो गुंडाळलाच. गुंडाळलेला कसा सुकेल, म्हटलं, तर म्हणे, मंग वर बसा अन् फुका. बसलो.

संध्याकाळी मंडपात पडदा उलगडला. देऊळ पायऱ्यांवर उतरलं होतं, पायऱ्या नदीत, नदी आभाळात. कावळा उडालेला. भय्याजी ‘दरबाराचा पडदा टांगा रे’ म्हणून ओरडत होते. तेवढ्यात जागा धरायला पोतं अंथरणारी निर्मलाबाई तशीच उभी राहिली. तिचं गाव धरणात गेलं. आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहते. बराच वेळ बघून म्हणाली, ‘राहू द्या जी. हा आमचाच घाट होय. डोरे मिटले का असाच दिसते मले.’

मग तिच्या शेजारणी आल्या. एकीला त्या हिरव्यात आपली चिंच सापडली, दुसरीला धुण्याचा दगड. मी चिंच काढलीच नव्हती. कापडामागून मावळतीचं ऊन झिरपत होतं, वाऱ्यानं पडदा श्वास घेतल्यासारखा हलत होता, आणि त्या बाया पाण्याखालच्या गावात हिंडून राहिल्या होत्या. माझ्या वाघापुढे पोरं मागं सरकतात. इथं बाया पुढं सरकत होत्या.

आता लिहायचं कारण. तो पडदा दवानं खराब झाला. निर्मलाबाईच्या वस्तीला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकासाठी तसाच दुसरा हवा आहे, आणि मला तो जमत नाही. धूसर काढायला बसतो, तर हात आपसूक भेगा काढतो. ओला गुंडाळूनही पाहिला. नुसता चिखल झाला. शेवटी प्रदर्शनानंतर तू माळ्यावर टाकलेलं ते निळं चित्र काढून भिंतीला टेकवलं. ते बघताना डोळे मिटावे लागत नाहीत, बेटा. तेव्हा ये, पण शिकायला नको. हा पडदा तू कर. मी रंग घोटून देईन. कावळा तू म्हणशील तिथं काढीन. नको म्हणालीस, तर नाही काढणार.

कोरं कापड ताणून बसलेला,
तुझाच
बाबा