साडेदहाच्या बोटीसाठी फाटलेलं जाळं

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे असं धरून चाल).

बावीस वर्षांपूर्वी धक्क्यावर बॅग खांद्याला लावून तू बाबांना म्हणाला होतास, "मी काही जन्मभर भोकं बुजवत बसणार नाही." ते वाक्य अलीकडे मला सारखं आठवतं. का, ते पुढे येईलच. आधी रीतीप्रमाणे विचारते, तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा चष्मा सापडला का? इकडे आम्ही तिघं ठीक. आत्याला कमी ऐकू येतं, मात्र जे ऐकू नये ते नेमकं ऐकू येतं. मी अजून धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतच बसते. फरक एवढाच, की पूर्वी बेटावरून जाणाऱ्यांना तिकिटं द्यायचे, आता बेट बघायला येणाऱ्यांना देते.

येणारे पुष्कळ आहेत. साडेदहाच्या बोटीने चाळीस माणसं उतरतात, तासाभरात आपली परंपरा बघतात आणि जेवायला पलीकडे जातात. त्यांना फिरवणारी बाई गळ्यात माईक अडकवून असते, म्हणून आम्ही तिला माईकवाली म्हणतो. बाई मनाने वाईट नाही. पहिल्याच दिवशी ती आपल्या पडवीत आली आणि बाबा जाळं शिवत बसलेले पाहून तिचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून तिने बाबांची प्लास्टिकची खुर्ची उचलली, कारण ती परंपरेत बसत नव्हती. रेडिओही बसत नव्हता. चष्म्यावर जरा चर्चा झाली. बाबांनी शांतपणे विचारलं, की माझे गुडघे बसतात का परंपरेत, कारण पाटावर बसायचं तर त्यांचीच परवानगी लागेल. चष्मा राहिला, खुर्ची गेली.

मग तिला जाळं शिवतानाचं गाणं हवं झालं. आपल्याकडे असं गाणं कधी नव्हतंच. बाबा शिवताना एकतर गप्प असायचे किंवा खडकाला शिव्या द्यायचे, हे तू ऐकलेलं आहेस. पण आत्या तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, मागे कशी हटेल? तिने डोळे मिटून, लांबट सूर लावून पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्याला एक पाहुणी रडली. (रडायला आपणही रडायचो, पण कारण वेगळं होतं.) आता रोज एकोणतीस असतो. माईकवाली सांगते, की हे समुद्रावर गेलेल्यांची वाट पाहण्याचं गाणं आहे.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं मी तुला सांगणार नव्हते.

काका गेल्यापासून बाबा समुद्रावर गेलेले नाहीत. जाळं ओढायला दोन माणसं लागतात आणि दुसरं टोक धरायला कुणी उरलं नाही. त्यामुळे जे जाळं पाहुण्यांसमोर शिवलं जात होतं ते सतराव्या दिवशी शिवून संपलं. कुठे एक भोक उरलं नाही. दुसऱ्या दिवशी माईकवालीने पाहुणे आपल्या दारावरून पुढे नेले, शेजारच्या टोपल्या विणणारीकडे. बाबा दोन दिवस सुई खिशात घालून पडवीत बसून होते. विचारलं तर म्हणाले, वारा बरा आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी ते झोपल्यावर मी माझी शिवणाची कात्री घेतली आणि जाळ्याला पाच-सहा जागी कापलं. सकाळी बाबांनी ते पाहिलं, केस विंचरले आणि शिवायला बसले. मला वाटलं, जमलं. मग रोज दुपारी मी कापायचे आणि रोज सकाळी ते शिवायचे. चार महिने. बेटावर याहून नेमाने चाललेलं काम दुसरं नसेल.

मागच्या सोमवारी एका म्हाताऱ्या पाहुणीने विचारलं, या जाळ्यात मासे कोणते येतात? माईकवालीने प्रश्न बाबांना सांगितला. बाबांनी सुई खाली ठेवली.

"काहीच येत नाही. माझी मुलगी दुपारी कापते, मी सकाळी शिवतो."

माईकवालीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माईकमध्ये त्यांच्या भाषेत सांगितलं, की आजोबा म्हणतात, समुद्र देतो आणि समुद्रच नेतो. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला बाबांचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी तिने एकोणतीस एके सुरू केलं.

बोट गेल्यावर मी पडवीत गेले. वाटलं, चिडतील. ते जाळं मांडीवर पसरून मला दाखवू लागले, लहानपणी दाखवायचे तसं. म्हणाले, "खडक धागा आधी पिंजतो, मग तोडतो. हे बघ, सगळं सरळ. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, बाळ. तुला बरं वाटत होतं म्हणून शिवत होतो."

म्हणजे चार महिने मी त्यांचं मन राखत होते आणि ते माझं. त्या दिवसापासून सुई खुंटीला आहे. मी म्हटलं, चला, मी धरते दुसरं टोक. त्यावर म्हणाले, जाळं धरणारी माणसं वेगळी आणि कापणारी वेगळी. बोलले हसूनच, पण बोलले. माईकवाली पुढच्या सोमवारपासून जाळं शिवायला दुसरा माणूस आणते आहे. तो धरण खात्यातून निवृत्त झालेला आहे आणि त्याला दाढी आहे.

असो. काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. काळजी करू नकोस असं लिहिलं ते रीतीप्रमाणे. थोडी केलीस तरी चालेल.

ता. क. २. शेजाऱ्यांची होडी मी रविवारसाठी मागून ठेवली आहे. पलीकडच्या खडकांकडे जायचं, जिथे जाळं हमखास फाटतं. बाबांना अजून बोललेले नाही.

ता. क. ३. तुला होडी लागते, पाठ दुखते, रजा नसते, सगळं ठाऊक आहे. तू नाहीच म्हणशील, आणि पत्रातून म्हणशील, म्हणजे उत्तर येईतो रविवार उलटून जाईल. तरी लिहिते. भोकं बुजवायला बोलावत नाही, दादा. ती बाबा बुजवतील. तू एक दिवस फक्त दुसरं टोक धर, आणि चार भोकं पाडून जा.