कमानीचं माप

बाबा, तुमची ट्रंक काल उघडली. माझं एकही चित्र तुम्ही फेकलं नव्हतंत. दशाश्वमेध घाट बावीस वेळा काढलाय मी. दर वेळी त्याच छत्र्या, तीच नाव, आणि गंगा म्हणजे वहीत आखल्यासारख्या निळ्या रेघा. साधूंना माना नाहीत. ओळखीपाळखीच्या लग्नपत्रिकांवर मी काढलेल्या गणपतीची सोंड नळासारखी दिसते. आधी हसू आलं, मग किळस. आणि प्रत्येकाच्या पाठीमागे तुमच्या अक्षरात शेरा: ‘उत्तम’. पाठशाळेत एक स्वर चुकला तर तुम्ही अख्खी ऋचा पुन्हा म्हणायला लावायचात, आणि या कचऱ्याला उत्तम! तुम्हाला दिसत नव्हतं, की सांगायची हिंमत नव्हती? तुमच्या त्या शेऱ्यांवर फुगूनच मी रामघाटावरच्या आपल्या मंडळाच्या गणपतीसाठी कमान काढायला घेतली. बँकेत नुकती लागले होते आणि स्वतःला मोठी कलावंत समजत होते. दोन्ही बाजूंनी आत झुकणाऱ्या कमळाच्या पाकळ्या, कागदावर फार देखण्या. मूर्तीची रुंदी मी मोजली, तिच्याखालचा चौरंग मोजलाच नाही.

विसर्जनाची मिरवणूक निघते आणि कमानीशी अडते. ढोल थांबतात. सुतार माझ्याकडे बघून म्हणतो, “बिटिया, कागज पर तो निकल गए थे बप्पा?” सगळी गल्ली हसते. मी मान खाली घालून उभी. तेवढ्यात तुम्ही पुढे येता. जन्मात कधी टेप हातात न धरलेले तुम्ही सांगता, “माप मी दिलं होतं. तिनं तसंच काढलं.” अध्यक्ष म्हणतात, “शास्त्रीबुवा, तुम्ही मंत्र सांभाळा, सुतारकी नको.” दोन पाकळ्या करवतीनं कापल्या गेल्या, तोवर शिडी तुम्हीच धरून होतात. घरी येताना मी तुमच्यावरच ओरडले, “कुणी सांगितलं होतं मधे पडायला?” तुम्ही चालता चालता म्हणालात, “तुला अजून खूप काढायचंय. मी कुठं कमानी बांधणार आहे?”

मी काय काढलं? आणखी घाट, आणखी सोंडा. ती थट्टा मात्र तुम्हाला कायमची चिकटली. तुमची तिरडी बांधतानाही कुणीतरी पुटपुटलं, “माप नीट घ्या रे, शास्त्रीबुवांचं आहे.” मी शेजारीच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

हे मंडळात जाऊन वाचून दाखवावं, असं लिहिताना दोनदा वाटलं. नाही दाखवणार, घडी घालून तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवीन. कारण गेल्याच महिन्यात तिथं कमानीचा किस्सा पुन्हा निघाला, नव्या पोरींनी मला विचारलं, “सच में ऐसा हुआ था?” मी म्हटलं, “हो ना, बाबांना मापातलं काही कळायचंच नाही.” सगळ्या हसल्या. बाबा, सगळ्यात मोठ्यानं मी हसले.